चेहरा दिसण्याआधीचा हॉवर्ड मॅकनिअर

मंडळी, जुन्या अमेरिकन टीव्हीचे जे चाहते आहेत त्यांना हॉवर्ड मॅकनिअर म्हटलं की फ्लॉइड न्हावी आठवतो. ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधला, बोलता बोलता हरवून जाणारा. भूमिका गोडच आहे. पण मॅकनिअरचं खरं मोठं काम लोकांनी त्याला पाहिलं त्याच्या आधीचं, रेडिओवरचं आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. आज त्याबद्दलच बोलायचंय.

जन्म १९०५, लॉस एंजेलिस. सुरुवात नाटक कंपनीत, आणि तिथून रेडिओ. १९३७ मध्ये ‘स्पीड गिब्सन’ नावाच्या मुलांच्या साहसमालिकेत तो क्लिंट बार्लो होता. पुढे युद्ध आलं, सैन्यातली नोकरी झाली, आणि परत आल्यावर पडेल ती भूमिका. आज हॉटेलातला कारकून, उद्या घाबरलेला साक्षीदार, परवा खुनी.

आपल्यातल्या ज्यांनी आकाशवाणीच्या श्रुतिका कान देऊन ऐकल्यात, त्यांना या कामातली मेख लगेच कळेल. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला चार वाक्यं येतात. रंगभूषा नाही, वेशभूषा नाही. हातात संहिता असते आणि तिचं पान उलटताना आवाज होऊन चालत नाही. पहिल्याच वाक्यात माणसाचं वय, त्याची ऐपत, त्याची भीती ऐकणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. माइकपासून वीतभर मागे सरकलं तरी माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलेला वाटतो. मॅकनिअर या सगळ्यात मुरलेला होता.

मग २६ एप्रिल १९५२ ला सीबीएस या अमेरिकन रेडिओ-जाळ्यावर ‘गनस्मोक’ ही वेस्टर्न, म्हणजे जुन्या पश्चिम अमेरिकेतल्या बंदूकबाजीची मालिका सुरू झाली. निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनल, मुख्य लेखक जॉन मेस्टन. कॅन्ससमधलं डॉज सिटी, १८७० नंतरचा काळ. गावचा कायदा सांभाळणारा मार्शल मॅट डिलन म्हणजे विल्यम कॉनरॅड, त्याचा मदतनीस चेस्टर म्हणजे पार्ली बेअर, किटी म्हणजे जॉर्जिया एलिस, आणि गावचा डॉक्टर मॅकनिअर. सगळे त्याला नुसतं ‘डॉक’ म्हणायचे. चार्ल्स अ‍ॅडम्स हे पूर्ण नाव कॉनरॅडनं सुचवलं, भुताखेतांची, मढ्यांची विनोदी चित्रं काढणाऱ्या चार्ल्स अ‍ॅडम्स या व्यंगचित्रकारावरून. नाव चपखल होतं, कारण सुरुवातीचा डॉक भलताच होता! गावात गोळीबार झाला की याची कळी खुलायची. मढं पडलं की तपासणीची फी मिळणार. मॅकनिअरनं त्या आनंदाला एक बारीक, खुसखुसतं हसू दिलं होतं. ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो आणि हसूही येतं.

पण तो तिथेच थांबला नाही, म्हणून मी त्याला मोठा म्हणतो. भाग पुढे सरकतात तसा डॉक बदलत जातो. फीचा हिशेब मागे पडतो. चेस्टरशी कुरबुर चालूच असते, पण तिच्याखाली माया ऐकू येते. ‘गनस्मोक’मध्ये शांततेला पुष्कळ जागा असायची, फळ्यांवरची पावलं, लांबवर भुंकणारं कुत्रं, आणि मध्ये कुणीच बोलत नाही. जखमी माणूस वाचेल का, असं मार्शल विचारतो तेव्हा डॉकचं उत्तर शब्दांच्या आधी श्वासातच आलेलं असतं. थकलेला, चिडलेला, आपल्या हातात फार काही नाही हे ठाऊक असलेला डॉक्टर. संहितेत असलं काही लिहून देता येत नाही, ते नटालाच आणावं लागतं.

१९५५ मध्ये ‘गनस्मोक’ टीव्हीवर गेलं. रेडिओवरच्या या चौघांपैकी एकालाही तिथे आपली भूमिका मिळाली नाही. डॉक झाला मिलबर्न स्टोन, आणि त्यानं ती भूमिका वीस वर्षं केली, उत्तम केली. मला सलतं ते वेगळंच. रेडिओवरचं ‘गनस्मोक’ जून १९६१ पर्यंत चालूच होतं. म्हणजे सहा वर्षं एकाच डॉकला दोन माणसं होती, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर चेहरा दुसऱ्याचा असताना मॅकनिअर माइकसमोर उभा राहून तितक्याच निगुतीनं काम करत होता. टीव्हीच्या ‘गनस्मोक’मध्ये तोही अधूनमधून दिसला, पण किरकोळ भूमिकांत.

फ्लॉइड आला १९६१ मध्ये, म्हणजे रेडिओचं ‘गनस्मोक’ संपलं त्याच वर्षी. दोनेक वर्षांनी मॅकनिअरला पक्षाघाताचा झटका आला. बरा होऊन परतला, पण उभं राहणं अवघड होतं. मग त्याला बहुतेक वेळा बाकावर बसलेला दाखवायचे, किंवा टेकायला अशी सोय करायचे की उभा आहे असं वाटावं. ते भाग जरूर पाहा. हालचाल जवळजवळ गेलेली आहे, आणि आवाज एकट्यानं सगळं पेलतोय. इतक्या वर्षांची रेडिओची तालीम तिथे कामी आली, असं मी म्हणेन. १९६७ मध्ये त्यानं मालिका सोडली आणि जानेवारी १९६९ मध्ये तो गेला.

रेडिओ ‘गनस्मोक’चे बहुतेक सगळे भाग ध्वनिमुद्रणात टिकले आहेत आणि इंटरनेटवर सहज मिळतात. १९५२ मधला एखादा ऐका, मग थेट १९५८ च्या पुढचा. मार्शलकडे लक्ष देऊ नका. डॉक खोलीत कधी येतो तेवढं ऐका.