मे महिन्यातली दुपार

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळच्या आठवड्यात टीव्ही लावला की कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर 'होम अलोन' लागलेला सापडतोच. 1990 सालचा सिनेमा. घरचे सगळे विमानानं सुट्टीला निघून जातात, आठ वर्षांचा पोरगा चुकून घरीच राहतो आणि चोरांची भंबेरी उडवतो. आमच्या घरात तो निदान वीसदा बघून झालाय. मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू? पण दरवेळी वाटतं, आपला असा सुट्टीचा सिनेमा कुठला? दिवाळीला आपल्याकडे सिनेमे लागतात, पण त्यांत दिवाळी कुठे असते? निदान मला तरी फारशी दिसलेली नाही.

मग लक्षात आलं, आपण चुकीच्या महिन्यात शोधतोय. आपली खरी सुट्टी मे महिन्यातली. आणि सुट्टीत, किंवा सुट्टीसारख्या मोकळ्या वेळात, पोरं मोठी होतात तेव्हाचे सिनेमे मराठीत आहेत. चांगले आहेत. त्यांच्याबद्दल आज बोलणार आहे. मी समीक्षक नाही बरं का, पदरचे पैसे घालून तिकीट काढणारी बाई आहे. तेव्हा मतं माझी, भांडण असेल तर माझ्याशी.

माझं पहिलं मत असं, की मूल शाळेत मोठं होत नाही. शाळेत ते फक्त पुढच्या वर्गात जातं. मोठं होतं ते सुट्टीत, आणि तेही दुपारी. जेवणं झाली, ताकाची भांडी पालथी पडली, ओटीवर मोठी माणसं आडवी झाली. खाटेखाली गवतात घातलेल्या आंब्यांच्या अढीचा वास घरभर. दोन ते चार. या दोन तासांत पोरांवर कुणाचं लक्ष नसतं, आणि जे काही कळायचं असतं ते नेमकं तेव्हाच कळतं. जूनमध्ये गणवेश आखूड झालेला दिसतो तेव्हा आई म्हणते, अगंबाई, एवढी कधी वाढलीस?

ही दुपार पडद्यावर सगळ्यात खरी पकडली ती 'विहीर'नं. 2010 साली तो थिएटरात आला. उमेश कुलकर्णींचा. समीर आणि नचिकेत हे दोघं मावसभाऊ, एकमेकांना पत्रं लिहिणारे, आजोळी भेटतात. घरात लग्नाची गडबड. नचिकेत थोडा मोठा, त्याच्या डोक्यात काहीतरी चालू आहे, ते समीरला नीट कळत नाही आणि आपल्यालाही नाही. मग लपाछपी, विहीर, आणि नचिकेत जातो. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे समीरचं शोधणं. डाव अजून संपलेला नाही, नचिकेत कुठेतरी लपलाय, असं धरून चाललेलं शोधणं.

आम्ही पाहिला तेव्हा थिएटरात अकरा माणसं होती. मध्यंतरात मागच्या रांगेतला एक जण फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, काही होतच नाहीये पिक्चरमध्ये." मला हसू आलं. कारण मे महिन्यात काही होतच नाही, हीच तर त्याची गंमत आहे! काही होत नाही, काही होत नाही, आणि एका दुपारी सगळं होऊन जातं. हा सिनेमा घाई करत नाही. पाणी दिसतं, आभाळ दिसतं, पोरगा नुसता उभा दिसतो. रेडिओवर हे सांगायचं म्हणजे पंचाईतच आहे, शांतता कशी ऐकवणार तुम्हाला? पण मी तरी मरण म्हणजे काय हे कुठल्या कीर्तनात शिकले नाही. अशाच एका लांबलेल्या दुपारी, नेहमी येणारं एक जण आता येणार नाही, एवढंच कळलं होतं.

'किल्ला' हा खरा बदलीचा सिनेमा, सुट्टीचा नव्हे. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील गेलेले, आई सरकारी नोकरीत, पुण्याहून कोकणात बदली. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्याच ज्यूरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. मला हे फार आवडलं. मुलांच्या सिनेमाला मोठ्यांनी बक्षीस देण्यात काय मोठंसं? सायकलींची शर्यत लावून पोरं किल्ल्यावर जातात, धो धो पाऊस येतो, आणि चिन्मय बाहेर येतो तर बाकीचे त्याला टाकून निघून गेलेले. बस, एवढंच. कुणी मारलेलं नाही, शिवी दिलेली नाही. पण अकराव्या वर्षी मागे राहणं ही काय चीज असते, ते दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी एकही वाक्य न बोलायला लावता दाखवलंय. पार्थ भालेरावचा बंड्या तर घरी आणून जेवायला घालावा असा. तक्रार एकच, कोकण इतकं देखणं दिसतं की मधूनमधून मी पोराला विसरून समुद्रच बघत बसले.

'बालक-पालक' मला अर्धा आवडतो. चाळ, ऐंशीचं दशक, भाड्यानं आणलेला व्हीसीआर, आणि 'तसली' कॅसेट. आमच्या पिढीनं हे बघितलंय किंवा भिंतीपलीकडून ऐकलंय. शिवाय ती बघणाऱ्या चाळीतल्या चौघा पोरांत दोन मुली आहेत, डॉली आणि चिऊ, आणि कुतूहल त्यांनाही आहे. हे दाखवायला धीर लागतो. पण शेवटाकडे सिनेमा आपला हात धरून समजावायला लागतो, की पालकहो, मुलांशी बोला. अहो, बोलायचं आम्हाला कळलं होतं की! पोरांच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. आपल्या चांगल्या चांगल्या सिनेमांना हा रोग आहे. वरून मोठं झालेल्या माणसाचा आवाज येतो, 'त्या दिवशी मला कळलं की...' आणि माझा चहा तिथेच थंड होतो.

आता जरा वाकड्यात शिरते. या सगळ्या सिनेमांत मोठं होतं ते बहुतेक वेळा मुलगाच. मुलगी असते ती बघण्यासाठी. 'शाळा'तली शिरोडकर घ्या. 1975 ची आणीबाणी, नववीचा वर्ग आणि जोशीची ती शिरोडकर. केतकी माटेगावकरनं इतकी छान केली आहे की पोटात कालवतं. पण शिरोडकरला दुपारी काय वाटत होतं? गाव सोडून जाताना तिच्या ट्रंकेत काय होतं? ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. 'फँड्री'तली शालूसुद्धा तशीच, लांबून दिसणारी.

'फँड्री'चं नाव निघालंच आहे, तर माझं सुट्टीचं सगळं तत्त्वज्ञान त्या सिनेमानं एका फटक्यात पाडलं, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी 2014. मी आपली अढीच्या वासात रमलेली, आणि समोर नागराज मंजुळेंचा जब्या, गावकुसाबाहेरच्या दलित घरातला पोरगा. त्याला दुपार मोकळी नाहीच. घरचं काम, बापाची हाक, आणि शेवटी गावानं सांगितलं म्हणून अख्ख्या घरानं डुकरामागे धावायचं, तेही शाळेसमोर, शालूच्या डोळ्यांदेखत. डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे ताठ उभे. डुक्कर मात्र उभं राहत नाही, ते चालतं होतं. थिएटरात काही जण हसले. हसू अर्ध्यात अडकलं, ते मला आजही ऐकू येतं. आणि जब्यानं भिरकावलेला तो शेवटचा दगड. तो आपल्यालाच मारलाय, त्यात शंका नको.

त्यानंतर मी सुट्टीचे सिनेमे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. ही सुट्टी कुणाची? 'एलिझाबेथ एकादशी' बघा, त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला, परेश मोकाशींचा. पंढरपूर, कार्तिकी एकादशी. सगळ्या महाराष्ट्राचा उत्सव, आणि ज्ञानेश आणि त्याची बहीण बांगड्यांचं दुकान मांडून बसतात. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी अडकलंय, ते सुटायला हवं आणि त्यापायी एलिझाबेथ, म्हणजे त्यांची सायकल, विकली जाऊ नये. पंढरपूरकरांना हे विचारा, यात्रेत तुम्ही काय करता? ते म्हणतील, धंदा! चार दिवसांत जमेल तेवढं कमवायचं. आणि तरी हा सिनेमा रडका नाही. पोरं हिशेब करतात, खोटं बोलतात, खळखळून हसतात. कामाला लावलेल्या पोरांचा इतका हसता-खेळता सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या मे महिन्यात सहावीतली भाची राहायला आली होती. तिला 'विहीर' लावून दिला. वाटलं, दहा मिनिटांत मोबाइल मागेल. मागितला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "मावशी, तुमच्या गावाला विहीर होती?"

"होती की."

"तू उडी मारायचीस?"

"मी नाही गं. पोरं जायची दुपारी. आम्हा मुलींना वर गच्चीवर कुरडया राखायला बसवायचे, कावळे येतात म्हणून."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तुला काहीच दिसायचं नाही?"

"दिसायचं नाही. आवाज यायचा. धप्प. मी मोजायचे, आज किती जण गेलेत ते."

"किती असायचे?"

"चौघं," मी म्हटलं. "एका वर्षी तिघं."

नमस्कार.