चूक पोटात घालणारा हात

मंडळी, सुरुवात समईपासून करतो. गणपतीच्या आधी आमच्या घरी पितळेची समई आमसुलाच्या पाण्यानं घासायचे. काळपटपणा बघता बघता जायचा. पण तिच्यावरचे ओरखडे तसेच राहायचे. आंबटानं वरचा गंजाचा थर विरघळतो, धातूचा उंचसखलपणा जात नाही. बफिंगचं, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासून चमकवण्याचं काम तिथून पुढचं. आधी एमरीच्या, म्हणजे पॉलिश पेपरसारख्या खरखरीत पट्ट्यावर उंचवटे तासायचे: १२० चा दाणा, मग २४०, मग ४००; आकडा वाढेल तसा दाणा बारीक. दर वेळी आधीच्या दाण्याचे ओरखडे पुढच्यानं पुसायचे. मग सिसलचं, म्हणजे घायपाताच्या दोऱ्याचं चाक, शेवटी सुती कापडाचं चाक आणि त्यावर पॉलिशच्या मसाल्याची वडी. मधला एक दाणा गाळलात, तर कापडी चाक तो ओरखडा काढत नाही, उलट चमकवून चारचौघांत दाखवतं.

लोट्याच्या एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. तिथं हे काम वर्षानुवर्षं हातानंच चाललं. मग एक सहा अक्षांचा, म्हणजे सहा सांध्यांत फिरणाऱ्या हातासारखा जुना रोबो मिळाला, तो आणला. मोठ्या टाकीसारखं काम असेल तर रोबोच्या हातात अवजार देतात आणि काम जागच्या जागी ठेवतात. लहान कामाला उलट. चाक जमिनीवर पक्कं आणि रोबो वस्तू धरून त्याच्यापुढे फिरवतो. आमचे होते पितळी नळ, म्हणून दुसरी पद्धत घेतली.

पहिल्या दिवशी सकाळचे नळ असे निघाले की मी घरी फोन केला. दुपारी एका नळाच्या कडेवर चाकानं असा चावा घेतला की पकडीतून सुटून तो पत्र्यावर जाऊन आदळला. त्यानंतरचे चार नळ पाहिले, तर दोघांच्या कडा गोल झालेल्या आणि एकाला चाक लागलेलंच नाही. आमच्याकडे गुहागरकडचे एक मामा आहेत, तीस वर्षं चाकापुढे उभे. ते म्हणाले, “दादा, ह्यो बघत नाय, नुसता फिरतोय.”

चूक रोबोची नव्हती. असले रोबो ठरलेल्या जागी परत परत येतात ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबात. आमचं ओतकाम वाळूच्या साच्यातलं. एका नळाचा सांधा अर्धा मिलिमीटर वर, दुसऱ्याचा खाली. मामांच्या हाताला ते कळतं. वर आलेल्या जागी ते जरा जास्त रेटतात, खालच्या जागी वस्तू कलती करतात. ओतणाऱ्याची चूक, तासणाऱ्याची चूक, सगळं इतकी वर्षं त्यांनी पोटात घातलं आणि आम्हाला वाटत राहिलं की आमचं ओतकाम चांगलं आहे. रोबो आला आणि पितळ उघडं पडलं. शब्दशः.

उपाय दोन निघाले. पहिला कंटाळवाणा: साचा दुरुस्त केला, नळ दर वेळी एकाच तऱ्हेनं बसेल अशी जिग करून घेतली. खरं सांगायचं तर निम्मा फरक तिथंच पडला. दुसरा उपाय दाबाचा. रोबोला जागा सांगण्याऐवजी जोर सांगायचा. चाकाचं डोकं हवेच्या दाबावर पुढेमागे सरकेल असं बसवायचं; वस्तू पुढे आली तर चाक तेवढं मागे हटतं, रेटा तोच राहतो. अवजार रोबोच्या हातात असेल तर आणखी एक भानगड. मनगट उलटं झालं की अवजाराचं वजन कधी कामावर पडतं, कधी कामापासून दूर ओढतं. ते वजन दर क्षणी हिशेबातून वजा करावं लागतं. माणूस हे न मोजता करतो.

आता चाकाचं बघा, कारण इथं बरेच जण फसतात. ४०० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर. झिजून ते ३०० वर आलं की त्याच फेऱ्यांना वेग साडेतेवीस. चमक तिथंच मरते. तोच वेग हवा तर फेरे २००० करावे लागतात, आणि रोबोला वस्तू चाकाकडे शंभराच्या निम्म्यानं, म्हणजे ५० मिलिमीटर, जवळ सरकवावी लागते. मामा पाऊल पुढे टाकून उभे राहायचे. आम्ही त्याला सवय म्हणत होतो. पण फेरे वाढवताना चाकावर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, हेही लक्षात ठेवा.

किनाऱ्यावरच्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इथल्या हॉटेलांच्या स्टीलच्या कठड्यांवर चहासारखे डाग दिसतात. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओरखड्यांत बसतं. समुद्राजवळ खडबडीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवलेला बरा, आणि ओरखड्यांची दिशा उभी, म्हणजे पाऊस मीठ धुऊन नेतो. स्टेनलेसच्या जातींत ३०४ पेक्षा मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ टिकतं. पण साध्या लोखंडावर फिरलेलं चाक स्टेनलेसवर लावलंत, तर ३१६ लासुद्धा तांबेरा धरेल. तो स्टीलचा नसतो, चाकातून आलेल्या लोखंडाच्या कणांचा असतो.

आणि धूळ. चीनमधल्या कुन्शानला २०१४ च्या ऑगस्टमध्ये मोटारींची ॲल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट झाला, शंभरावर माणसं गेली. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली की स्फोटाला एक ठिणगी पुरते. लोखंड घासताना ठिणग्या उडतात, म्हणून लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची धूळ एकाच नळीतून ओढायची नाही. रोबोचा मला खरा मोह इथं आहे. त्याला बंद खोलीत ठेवता येतं. मामांना ठेवता येत नव्हतं, तरी इतकी वर्षं ठेवलंच होतं की.

आता कुणीतरी विचारलं, छोट्यानं रोबो घ्यावा का? एकच नळ महिनोनमहिने करायचा असेल तर घ्या. आज पन्नास कड्या, उद्या वीस मूठी, परवा देवळाची घंटा असं असेल तर प्रोग्राम बसवण्यातच दिवस जाईल. आमच्याकडे घंटा अजून मामाच करतात. नळांचा प्रोग्राम मात्र त्यांच्याशेजारी बसून लिहिला. “हितं हळू,” म्हणाले की आम्ही वेग कमी करायचो.

ज्यांना चाकं बघायची असतील त्यांनी उद्या शेडवर या. फक्त ढगळ बाह्या नकोत, आणि कापडी हातमोजे घालून फिरत्या चाकाजवळ येऊ नका. चाक हातमोजा ओढतं आणि हात त्याच्यासोबत जातो.