इंजिन हलवण्याआधी

मंडळी, तीस-चाळीस वर्षं एका जागी उभं असलेलं वाफेचं इंजिन पाहिलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. हे नेणार कसं? आणि पेटणार कधी? पहिल्याचं उत्तर क्रेनवाला देतो, दुसऱ्याचं बॉयलर देतो. आज मी बोलणार आहे ते त्या दोन्हींच्या मधल्या काळाबद्दल. इंजिन अजून जुन्या जागीच आहे, न्यायची तारीख ठरली आहे आणि हातात नटबोल्ट सोडवायचे पाने घेऊन माणसं आली आहेत, ते दिवस. चाळीस पावसाळ्यांनी केलं नसेल असं नुकसान या दिवसांत नुसत्या घाईनं होतं.

सुरुवात पत्र्याखालून करू. बॉयलरभोवती जो गुळगुळीत पत्रा दिसतो, तो बॉयलर नव्हे. तो नुसता अंगरखा. त्याच्या आत उष्णता धरून ठेवणारा थर असतो आणि जुन्या इंजिनांत तो बहुधा अॅस्बेस्टॉसचा. ओला-सुका होऊन त्याचं पीठ झालेलं असतं. उत्साहानं कुणी पत्र्याचे चार स्क्रू काढले, की ते पीठ हवेत आणि तिथून फुप्फुसात. त्याचे परिणाम दिसायला दहा-वीस, कधी चाळीस वर्षं लागतात, म्हणून कुणी घाबरत नाही. आधी नमुना तपासायचा. अॅस्बेस्टॉस निघाला तर तो काढायला परवानाधारक माणसं बोलवायची आणि ती जाईपर्यंत आपण बाहेर चहा प्यायचा. यात धाडस दाखवण्यासारखं काही नाही.

आता चाकं. इंजिन स्वतःच्या चाकांवर ओढत न्यायचं असेल, तर सिलिंडरपासून चाकाकडे येणारा मोठा कनेक्टिंग रॉड सोडवावा लागतो. का? कारण चाक फिरलं की दट्ट्या हलणार, आणि आत ना वाफ, ना तेल. गंजलेल्या सिलिंडरमध्ये दट्ट्या कोरडा घासत गेला, तर काही किलोमीटरमध्ये आतला पृष्ठभाग खरवडून निघतो. म्हणून रॉड काढायचा आणि क्रॉसहेड, म्हणजे दट्ट्याचा दांडा आणि हा रॉड जोडणारा सरकता भाग, एका टोकाला सरकवून लाकडी ठोकळ्यांनी पक्का बसवायचा. रॉड काढले की आणखी एक गंमत होते. चाकांमध्ये त्या रॉडच्या वजनाला तोलणारी वजनं ओतलेली असतात. रॉड गेला, तोल गेला. त्यामुळे इंजिन सावकाशच न्यावं लागतं. थोडं अंतर गेलं की थांबायचं आणि प्रत्येक धुऱ्याची पेटी, म्हणजे धुरा ज्यात फिरतो ते बेअरिंगचं घर, तापली आहे का ते पाहायचं.

हे रॉड काढणं हीच खरी परीक्षा. रॉड चाकाला जोडणारी पिन सुटत नाही. तेल सोडून आठवडाभर वाट पाहावी लागते, कधी तीन आठवडे. एका कामावर तेवढा धीर कुणालाच नव्हता. गॅस कटर आला आणि पाच मिनिटांत रॉड मोकळा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढे कळलं, की ज्योतीनं पिनच्या आसपासच्या पोलादाचा गुणच बदलला होता. तो रॉड पुन्हा वापरता आला नाही. एवढा लांब, घडवून केलेला पोलादी रॉड आज नव्यानं करायचा म्हणजे किती हेलपाटे, ते ज्यानं घातलेत त्यालाच ठाऊक.

काढलेल्या वस्तूंच्या नोंदीबद्दल मी जरा जास्तच बोलतो, अशी माझ्यावर टीका होते. होऊ द्या. इंजिनावरच्या दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू सारख्या नसतात. डाव्या बाजूचं बेअरिंग त्याच पिनवर घासून बसवलेलं असतं. धुऱ्याच्या पेटीमागे कागदाएवढी पातळ पट्टी सापडते. ती कचरा म्हणून फेकली जाते, पण शेवटच्या फिटरनं चाकं सरळ रेषेत आणायला ती मोजून घातलेली असते. त्यामुळे आधी फोटो, मग खडूनं खूण, मग धातूची बिल्ली, आणि मगच पाना. पितळी झडपा, शिट्टी, दाबाचं घड्याळ हे सगळं पहिल्याच दिवशी कुलपात. भंगारवाला इंजिन न्यायला क्रेन आणतो, पितळ न्यायला पिशवी पुरते.

वेल्समधल्या बॅरी इथलं वुडहॅम यांचं भंगाराचं आवार अनेकांना माहीत असेल. तिथे २९७ इंजिनं विकत घेतली गेली. आधी मालडबे तोडायचं काम निघालं, म्हणून बरीचशी इंजिनं नुसती उभी राहिली. त्यातली २१३ लोकांनी पुढे सोडवून नेली. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली ती इंजिनं निघाली तेव्हा कित्येकांच्या अंगावर एकही पितळी वस्तू नव्हती, काहींचे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचे मागचे डबे, तर वेगळे विकले गेले होते. इंजिन वाचलं म्हणजे काय वाचलं, हा प्रश्न मला बॅरीमुळे पडतो.

याच्या उलट उदाहरण युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या ४०१४ क्रमांकाच्या 'बिग बॉय' या महाकाय इंजिनाचं. १९४१ साली बांधलेलं हे इंजिन टेंडरसह ५४० टनांच्या आसपास भरतं. १९६२ पासून ते कॅलिफोर्नियात पोमोना इथे उभं होतं. हवा कोरडी, आणि स्वयंसेवकांनी वंगण कधी चुकवलं नाही. २०१३ च्या शेवटी पार्किंगच्या मैदानावर रुळांचे तुकडे अंथरले. इंजिन पुढे सरकलं की मागचे तुकडे उचलून पुढे टाकायचे. २०१४ च्या मे महिन्यात ते स्वतःच्या चाकांवर वायोमिंगमधल्या शायेनला, कंपनीच्या कारखान्यात, पोहोचलं, आणि मे २०१९ मध्ये स्वतःच्या वाफेवर धावलं. प्रवास काही महिन्यांचा, दुरुस्ती पाच वर्षांची. देणगीदारांसमोर वेळापत्रक मांडताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

बॉयलरबद्दल थोडक्यात. आतल्या नळ्यांसाठी कुणी गळा काढू नये, त्या बदलायच्याच असतात. बघायचं ते फायरबॉक्स, म्हणजे आग पेटते ती पेटी, तिला धरून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे धातूचे छोटे दांडे, आणि तळाशी गाळ साचतो त्या जागा. श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) लहरींच्या यंत्रानं पत्र्याची जाडी जागोजाग मोजून नकाशा करा, आणि तो शक्यतो इंजिन हलवण्याआधी करा. निकाल वाईट आला, तर कुठे न्यायचं हा निर्णयच बदलू शकतो. शिवाय बॉयलर पुढच्या टोकाला पक्का आणि फायरबॉक्सकडे सरकता असतो. तापला की दहा मीटरचा बॉयलर दोनेक सेंटिमीटर वाढतो, त्याला जागा हवी. गंजानं तो सांधा जाम झाला असेल तर त्याची आत्ताच नोंद करा. पेटवल्यावर ते कळलं, तर तडा गेल्यावरच कळतं.

ट्रेलरवर चढवायचं असेल तर टेंडर आधी वेगळं करायचं. उचलायचं ते सांगाड्याला धरून, बॉयलरला पट्टा घालून कधीही नाही. जॅक एकेक बोट चढवायचा आणि प्रत्येक वेळी खाली लाकडी ठोकळा सरकवायचा. धुराड्याची उंची मोजून वाटेतले पूल आणि तारा आधीच पाहून ठेवायच्या.

आणि पहिली हालचाल. ती दुसऱ्या इंजिनानं ओढून करू नका, विंच, म्हणजे दोर गुंडाळत हळूहळू ओढणारं यंत्र, लावा. फोटोवाल्यांना दूर उभं करा. दोन्ही बाजूंना, प्रत्येक चाकापाशी, एकेक माणूस कान देऊन उभा हवा. दहा सेंटिमीटर ओढायचं आणि थांबायचं. कुठून करकर आली त्या चाकावर खडूनं फुली मारायची, त्याच्या पेटीत तेल सोडायचं, आणि मग पुढचे दहा सेंटिमीटर.