चौदा कलमं जुळली, पंधरावं अडलं

बंधुभगिनींनो,

1529 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. हेसचा संस्थानिक फिलिप यानं त्यांना बोलावून घेतलं होतं. कॅथलिक सम्राटासमोर टिकायचं तर प्रोटेस्टंट संस्थानांची एकजूट हवी होती आणि ती या दोघांच्या वादापाशी अडली होती. पंधरा कलमं लिहिली गेली. त्रैक्य, देहधारण, मूळ पाप, विश्वासानं नीतिमान ठरणं, बाप्तिस्मा अशी चौदा कलमं जुळली. पंधरावं प्रभुभोजनाचं. त्यातही भाकर आणि द्राक्षारस दोन्ही सगळ्यांना द्यावेत इथपर्यंत एकमत झालं. अडलं ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त त्या भाकरीत आणि द्राक्षारसात खरोखर असतं का, यावर. ल्यूथरनं टेबलावर खडूनं ‘हे माझे शरीर आहे’ असं लिहून ठेवलं होतं, आणि त्यातल्या ‘आहे’वरून तो तसूभरही हलला नाही. त्या एका मुद्द्यावर दोन परंपरा वेगळ्या झाल्या. युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंगलीच्या बाजूच्या परंपरेतल्या) मंडळ्यांनी एकमेकांचं व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचं मेज खुलं केलं ते 1973 च्या लॉयेनबर्ग करारानं, म्हणजे 444 वर्षांनी.

हे उदाहरण सुरुवातीला घेतलं, कारण ख्रिस्ती ऐक्याची चर्चा बहुधा ‘आपण सगळे एकाच प्रभूला मानतो’ इथून सुरू होते आणि तिथेच संपते. ते खरंच आहे, पण मंडळ्या त्यावर अडलेल्या नाहीत. बाप्तिस्मा कुणाचा मान्य, मेजावर कुणाला घ्यायचं, पाळकाची दीक्षा कुणाच्या हातून झालेली चालते, आणि एक झाल्यावर इमारती-जमिनी कुणाच्या नावावर, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय ऐक्य कागदावरच राहतं. या चारांत सगळ्यात अवघड तिसरा, असं मला वाटतं. म्हणून त्यावर जास्त वेळ घेणार आहे.

पहिला प्रश्न बराचसा सुटलेला आहे. पाणी, आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ यांच्या नावानं उच्चारलेले शब्द, एवढं असेल तर रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स परंपरेतल्या अनेक आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या तो बाप्तिस्मा धरतात. म्हणून पंथ बदलणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा देण्याआधी जुना दाखला मागवायला हवा. दाखला मिळाला नाही आणि खात्री पटली नाही, तर कॅथलिक धर्मगुरू ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून विधी करतात, म्हणजे आधीचा झाला असेल तर तो मोडत नाही. शब्दांच्या बाबतीत मात्र काटेकोरपणा आहे. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हटलं तर तो बाप्तिस्माच नव्हे, असा निर्णय व्हॅटिकननं 2020 साली दिला. बॅप्टिस्ट मंडळ्यांशी बोलताना अडचण वेगळी येते. त्यांच्या मते बाप्तिस्मा स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच देता येतो, त्यामुळे तान्ह्या बाळाला दिलेला ते धरत नाहीत. त्यांच्या नजरेत मोठेपणी दिलेला बाप्तिस्मा दुसऱ्यांदा दिलेला नसतोच, पहिल्यांदाच दिलेला असतो. जर्मनीत 2007 साली मॅग्डेबुर्गला अकरा मंडळ्यांनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य केला, तेव्हा बॅप्टिस्ट बाहेर राहिले ते याच कारणानं.

आता मेज. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. 451 च्या खाल्सेदोन परिषदेनं ख्रिस्ताचे ‘दोन स्वभाव’ म्हटले. ते इजिप्तच्या कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियन परंपरेनं नाकारलं, आणि पंधराशे वर्षं दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाखंडी ठरवलं. 1973 साली पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी ख्रिस्ताविषयीचा विश्वास एकत्र मांडून त्यावर सह्या केल्या. ‘स्वभाव’साठीचा एकच ग्रीक शब्द दोन्हीकडे वेगळ्या अर्थानं वापरला जात होता, हे तोवर अभ्यासकांनी दाखवून दिलं होतं. वादाचं मूळ एवढं सैल झालं, तरी दोघांचं मेज आजही एक नाही. सिद्धांत जुळले की मंडळ्या आपोआप जुळतात हा समज इथे खोटा पडतो. एवढ्या काळात दोन उपासनापद्धती, दोन संतमालिका, दोन अधिकारपरंपरा उभ्या राहिलेल्या असतात. एका वाक्यावर तुटलेलं नातं तेच वाक्य दुरुस्त करून जोडता येत नाही.

तिसरा प्रश्न दीक्षेचा. बिशपानं डोक्यावर हात ठेवायचा, त्याच्यावर आधीच्या बिशपानं ठेवलेला, अशी साखळी प्रेषितांपर्यंत जाते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) मंडळ्या ही साखळी महत्त्वाची मानतात. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट मंडळ्यांत दीक्षा वडीलजन किंवा मंडळी देते. 1896 साली पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवल्या, म्हणजे साखळी मानणाऱ्यांतही साखळी तुटली की नाही यावर वाद. मग ऐक्याच्या बैठकीत प्रश्न येतो: तीस वर्षं पाळकाचं काम केलेल्या माणसाच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवायचा का? ठेवला तर तो आजवर पाळक नव्हता असं ठरतं. न ठेवला तर बिशपांची परंपरा मानणाऱ्यांना त्याच्या हातून प्रभुभोजन घेणं जड जातं.

यावर दोन उपाय प्रत्यक्षात झाले आणि दोन्ही भारतात झाले. 1919 मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला अँग्लिकन बिशप अझरय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐक्याचं निवेदन काढलं. वाटाघाटींना अठ्ठावीस वर्षं लागली. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च (प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचं) मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. कोणत्याही पाळकावर पुन्हा हात ठेवला नाही. त्या दिवसापासून नव्या दीक्षा बिशपांच्या हातून होतील, जुने पाळक आहेत तसेच मान्य, आणि तीस वर्षांच्या काळात दोन्ही प्रकार शेजारीशेजारी चालतील असं ठरलं. कुठल्याही मंडळीवर तिच्या मनाविरुद्ध पाळक किंवा उपासनापद्धत लादायची नाही, अशी हमीही दिली होती. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत दीक्षा घेतलेले लेस्ली न्यूबिगिन त्या दिवशी बिशप झाले. किंमतही मोजावी लागली. आंध्रातल्या नंद्यालच्या अँग्लिकन मंडळ्या बाहेर राहिल्या, आणि जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या 1948 च्या लँबेथ परिषदेनं नव्या मंडळीशी पूर्ण सहभागिता, म्हणजे एकमेकांचं मेज आणि पाळक पूर्णपणे धरणं, मान्य केली नाही.

उत्तरेत उलटा मार्ग निवडला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्यांचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. तिथे सुरुवातीलाच वेगवेगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी प्रार्थनेसह एकमेकांवर हात ठेवले, आणि आधीची दीक्षा नाकारण्याचा यात हेतू नाही हे स्पष्ट केलं. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती एका छपराखाली ठेवल्या: पालकांनी बाळाला बाप्तिस्मा द्यावा, किंवा आत्ता अर्पण करून मोठेपणी द्यावा. अमेरिकन परंपरेतली दक्षिण आशियाची मेथडिस्ट मंडळी मात्र शेवटच्या काही महिन्यांत मागे फिरली.

मला मद्रासची वाट जास्त धैर्याची वाटते. तिथे अडचण तीस वर्षं उघडी ठेवली आणि लोकांना तिच्यासह जगायला दिलं. एका विधीनं ती झाकली नाही. झाकण्याचं काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसलं. तिथल्या अँग्लिकन आणि मेथडिस्ट मंडळ्या एक करण्याच्या योजनेतल्या समेटाच्या उपासनेत हात ठेवायचे होते, पण ती दीक्षा आहे की नाही हे जाणूनबुजून संदिग्ध ठेवलं होतं. एक गट म्हणाला, दीक्षा असेल तर तसं म्हणा. दुसरा म्हणाला, मेथडिस्ट पाळकांना दीक्षेची गरजच नाही. 75 टक्के मतं हवी होती. 1969 साली मेथडिस्टांनी ती गाठली, पण अँग्लिकन बाजूला 69 टक्केच पडली. 1972 च्या दुसऱ्या मतदानातही आकडा गाठला नाही आणि योजना बारगळली.

मालमत्तेचं थोडक्यात सांगतो, पण ते विसरून चालणार नाही. 1900 साली स्कॉटलंडची फ्री चर्च दुसऱ्या मंडळीत विलीन झाली. मूठभर लोकांनी नकार दिला आणि कोर्टात गेले. 1904 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, निकाल दिला की मूळ तत्त्वांशी एकनिष्ठ राहिले ते हेच, त्यामुळे सगळी मालमत्ता यांची. चालवायला माणसं नाहीत आणि हाती शेकडो इमारती, अशी स्थिती झाली. शेवटी 1905 मध्ये पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली. कॅनडानं यातून धडा घेतला. 1925 च्या युनायटेड चर्चसाठी आधी संसदेत कायदा झाला आणि विरोध असलेल्या मंडळ्यांना मतदानानं बाहेर राहण्याची सोय दिली. सुमारे एक तृतीयांश प्रेस्बिटेरियन बाहेर राहिलेच.

वरून लादलेलं ऐक्य तर टिकतच नाही. 1439 मध्ये फ्लॉरेन्सला पूर्वेच्या बिशपांनी रोमशी ऐक्याच्या ठरावावर सह्या केल्या. तुर्कांविरुद्ध कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला मदत हवी होती. इफिससचे बिशप मार्क यांनी सही केली नाही, आणि बिशप कॉन्स्टँटिनोपलला परतले तेव्हा जनता मार्क यांच्या बाजूनं उभी राहिली. 1817 पासून प्रशियाच्या राजानं ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या एक केल्या. पुढे उपासनेचं पुस्तकही एकच लावल्यावर ल्यूथरन कुटुंबं देश सोडून निघून गेली. ऐक्याच्या ठरावाची प्रत प्रत्येक पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) वाचली, चर्चिली आणि मतदानाला टाकली जाते का, हे म्हणून मी आधी विचारतो.

लोक सोबत नसतील तर साधी गोष्टही अडते, ईस्टरच्या तारखेचंच पाहा. नियम पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा एकच: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. फरक पंचांगाचा आहे, कारण पूर्वेचे लोक ईस्टरसाठी वापरतात ते जुनं ज्युलियन पंचांग पश्चिमेच्या पंचांगापेक्षा सध्या तेरा दिवस मागे आहे. 1997 साली अलेप्पोच्या बैठकीत तोडगा निघाला: संपात आणि पौर्णिमा खगोलशास्त्रानं काढा आणि रेखांश जेरुसलेमचा धरा. गणिताला कुणाचीच हरकत नाही. पण 1923 नंतर काही ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी स्थिर सणांचं पंचांग सुधारलं, तेव्हा जुनं पंचांग पाळणारे वेगळे झाले आणि ती फूट अजून मिटलेली नाही. म्हणून बिशप सावध आहेत. 2025 मध्ये सगळ्यांचा ईस्टर 20 एप्रिललाच आला. 2027 मध्ये पश्चिमेचा 28 मार्चला आहे आणि पूर्वेचा 2 मेला.