लास्ट पोस्टचा बिगुल

श्रोतेहो, नमस्कार. लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथं 1959 साली पोलीस जवान शहीद झाले. दरवर्षी 21 ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, त्यांच्यासाठी बिगुलावर एक संथ धून वाजते. जवानाला अखेरचा निरोप देतानाही तीच. ही ‘लास्ट पोस्ट’.

मुळात हा रोजचा रात्रीचा इशारा. ब्रिटिश पलटणीत अधिकारी पहाऱ्याच्या चौक्या तपासत फिरायचा. शेवटची चौकी झाली की हा बिगुल व्हायचा : पहारे लागले, दिवस संपला. एकोणिसाव्या शतकात तो दफनाच्या वेळी वाजू लागला. सूर्यास्ताला झेंडा उतरवतानाचा ‘रिट्रीट’ वेगळा. या दोहोंची फार गल्लत होते.

बिगुलाला भोकं नाहीत, कळा नाहीत. सूर काढायचे ते ओठांच्या ताणानं आणि फुंकेनं, आणि इशाऱ्यांना मिळतात पाचच : सा, प, तार सा, त्यावरचा ग आणि प. वरचा प सर्वांत कठीण. ओठ सुकले किंवा बिगुल तोंडावर जास्त दाबला, की हा सूर फाटतो. थंडीत नळी गार पडून सूर उतरतो. म्हणून आधी नळीत नुसता ऊन श्वास सोडत राहायचं, साचलेलं पाणी झटकायचं. नवखे वादक घाई करतात, लांब सूर पुरा धरत नाहीत. मग श्वास भलत्याच जागी तुटतो. तरीही स्पीकरवरच्या स्वच्छ रेकॉर्डिंगपेक्षा समोर उभ्या जवानानं वाजवलेला, एखादा सूर हललेला बिगुलच खरा मान देतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं की हुकूम होतो ‘सलामी शस्त्र’, मग ‘शोक शस्त्र’. रायफलींची नळी जमिनीकडे वळते, माना झुकतात. मग लास्ट पोस्ट, दोन मिनिटं स्तब्धता आणि शेवटी ‘राऊज’. हा सकाळी जवानांना उठवणारा बिगुल, छोटा आणि चढा. वेळ वाचवायला तो कधीही गाळू नये. रात्रीच्या इशाऱ्यानंतर पहाट व्हायलाच हवी.

बेल्जियममधल्या ईप्र शहरात मेनिन गेट या पहिल्या महायुद्धाच्या स्मारक-कमानीखाली 1929 पासून रोज रात्री लास्ट पोस्ट वाजते, आता 8 वाजता. दुसऱ्या महायुद्धात तेवढा खंड पडला. त्या कमानीवर भारतीय सैनिकांचीही नावं कोरलेली आहेत.

अशा प्रसंगी आपण सावधान उभं राहावं, मोबाइल बंद ठेवावा, टाळ्या वाजवू नयेत. लास्ट पोस्ट थांबली म्हणजे कार्यक्रम संपला असं समजून पुष्कळजण हलू लागतात. राऊज पूर्ण होऊन पुढचा हुकूम येईपर्यंत जागा सोडू नये.