दुखणं किती आणे?

[दृश्य : केसपेपर, पट्टी, लाल पेन]
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचा अपघात विभाग. केसपेपरवर नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन असे रकाने छापलेले आहेत. दुखण्याचा नाही. तो सिस्टर स्वतः आखतात, आणि त्याचे दोन भाग करतात : औषधाआधी, औषधानंतर.

[दृश्य : सुजलेलं मनगट]
सोयाबीनचा हंगाम. हे काका ट्रॉलीवरून पडलेत. शून्य ते दहा यातला आकडा विचारला, तर नुसतेच बघतात. मग सिस्टर रुपयात विचारतात.
"काका, लय म्हणजे लय दुखणं रुपयाभर धरलं, तर आता किती आने?"
"बारा-तेरा आने असंन."
रुपयाचे आणे सोळा, म्हणून कागदावर दहापैकी 8 पडतो. हा आकडा काकांचाच. चेहऱ्यावरून आपण अंदाज बांधायचा नाही. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, हेही लगेच विचारून घेतात, कारण हात मोडलेल्या माणसाचं नुसत्या आकड्यावर भागत नाही.

[दृश्य : आईच्या कडेवर लेकरू]
याला विंचू चावलाय. वय दोन वर्षं, विचारणार काय? डॉक्टर हातपाय गार पडलेत का, घाम सुटलाय का, ते आधी पाहतात. सिस्टर चेहरा, पाय, हालचाल, रडणं पाहतात. आईला सांगतात, "घे त्याले." थांबतात. कडेवर घेतल्यावर तो निवतो का, ते बघतात. पाच गोष्टी, प्रत्येकीला 0 ते 2. फ्लॅक नावाची ही पद्धत 1997 पासूनची आहे, आणि तिला ना यंत्र लागतं ना वीज.

[दृश्य : बाकावरच्या आजी]
आजींचं पोट दुखतंय, पण त्या म्हणतात, "होते सहन." जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. आजींना मुद्दाम जाऊन विचारावं लागतं, कूस बदलायला लावून पुन्हा विचारावं लागतं. पोटदुखीत आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं तर निदान चुकेल, ही भीती अजून गेलेली नाही. अभ्यासांत ती खरी ठरलेली नाही.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ, काकांच्या हाताला स्प्लिंट]
काकांना शिरेतून ट्रामाडॉल हे दुखणं कमी करणारं औषध दिलंय. अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न.
"पाच आने."
सिस्टर 3 लिहितात. सगळ्यात जास्त राहून जातो तो हा दुसरा आकडा, आणि तो नसेल तर औषध लागू पडलं की नाही, हे कुणी सांगायचं?

[दृश्य : 108 रुग्णवाहिका]
काका यवतमाळला निघालेत. कोणतं औषध, किती वाजता, दुखणं किती उतरलं, सगळं केसपेपरवर आहे. पुढचा डोस कधी, ते तिथले डॉक्टर त्यावरून ठरवतील.