लय आधी, क्लिक नंतर

मित्रहो, व्याख्यानाच्या पत्रिकेत 'टेम्पो' हा शब्द वाचून निम्म्या सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे चादरींचे गठ्ठे लादलेला टेम्पो उभा राहिला असणार. पण आज मी बोलणार आहे तो ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधल्या लयीबद्दल.

बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला 120 ठोके, म्हणजे ठोक्यामागे अर्धा सेकंद, ही लय आपोआप लागते. 120 हा आकडा कोणाच्या गळ्यातून आलेला नसून केवळ सोयीचा आहे, हे लक्षात न घेतल्यामुळे आमच्या भजनी मंडळाचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आम्ही क्लिक, म्हणजे ठोका मोजून देणारी सॉफ्टवेअरची टकटक, बंद ठेवून अभंग गायलो, कारण अभंग ठाय लयीत सुरू होऊन गजरापर्यंत चढत जातो आणि आमचे पखवाजी काही यंत्रमाग नव्हेत. मुद्रण उत्तम झाले. नंतर पेटी जोडताना स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने सॉफ्टवेअरमधली लय 120 वरून 96 केली. टाळ-पखवाज आत येत होते आठ मात्रांच्या भजनी ठेक्याच्या चार आवर्तनांनंतर, म्हणजे पडद्यावरच्या 32 ठोक्यांनंतर, सोळाव्या सेकंदाला. ते सरकून विसाव्या सेकंदाला गेले आणि गाण्याचा आवाज मात्र जागच्या जागी राहिला! "तुमचाच ताल चुकला," असे वर आम्हालाच ऐकवण्यात आले. (पखवाजी त्यानंतर आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, आणि ते योग्यच होते.)

दोष ठोक्यांना बांधलेल्या ट्रॅकचा होता. मुद्रित आवाज सेकंदांना बांधलेला असेल तर लय बदलली तरी हलत नाही, ठोक्यांना बांधलेला असेल तर हलतो. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये या निवडीला टाइमबेस म्हणतात. मिडीचे (म्हणजे आवाज न साठवता कोणता स्वर कधी वाजवायचा एवढ्याच सूचना साठवणाऱ्या पद्धतीचे) स्वर मात्र साधारणपणे ठोक्यांबरोबरच चालतात.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, म्हणून ज्यासाठी आपण जमलो ते आता घाईत सांगतो. आधी क्लिकविना वाजवून घ्या, सर्व ट्रॅक सेकंदांना बांधा आणि मग प्रत्येक आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, लयीची खूण करत जा. दोन समांमधले अंतर आणि मात्रा कळल्या की लयीचा आकडा निघतो, आणि अशा आकड्यांचा नकाशा तयार झाला की पेटीच काय, क्लिकसुद्धा पखवाजामागे चालते. लय हळूहळू चढत असेल तर दोन खुणांमध्ये पायरी न ठेवता सलग चढ ठेवा.

आकडा फारच लहान निघाला तर? बारा मात्रांच्या विलंबित एकतालाचे आवर्तन 48 सेकंदांचे असेल तर मात्रा चार सेकंदांची होते, म्हणजे मिनिटाला 15 ठोके. एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर 20 च्या खाली उतरत नाही. तेव्हा लय 60 ठेवावी आणि चार ठोक्यांची एक मात्रा धरावी.